शेवटचे दहा हुकूम

फोनच्या जोडण्या सांभाळणाऱ्या त्या राउटरला शेवटचे दहाच हुकूम आठवत. भाच्याला हे मामांनीच शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. वरचा बाण दाबत गेलं की आपणच दिलेले हुकूम एकेक करून समोर येतात. अकरावा गेला तो कायमचा गेला. काही भलतंसलतं टाइप झालंच तर दोन निरुपद्रवी हुकूम आलटूनपालटून देत राहायचे, एकदा घड्याळ, एकदा पोर्टची यादी. झाकली मूठ! असं म्हणून मामा हसले होते. भाचाही हसला होता, गाढवासारखा.

नोकरीही मामांनीच लावून दिलेली. त्याची आठवण घरात आई उठता बसता करून देई.

सोमवारी दुपारी भाचा मशीन उघडंच ठेवून चहाला गेला. परत आला तेव्हा मामा त्याच्या खुर्चीतून उठत होते आणि रुग्णवाहिकांच्या कक्षातले सगळे फोन मुके झाले होते. एकाच केंद्राची जोडणी तोडून पुन्हा जोडायची होती. कुणीतरी केंद्राच्या नंबराऐवजी चांदणीचं चिन्ह टाकलं, आणि राउटरने इमानेइतबारे सगळ्याच तोडल्या. सात मिनिटं कुणाचीही हाक कुणापर्यंत पोचली नाही.

विभागप्रमुख बाई तणतणत आल्या आणि त्यांनी हुकमांची यादी मागितली. पडद्यावर आलं: घड्याळ, पोर्ट, घड्याळ, पोर्ट. भाच्याने मामांकडे पाहिलं. ही युक्ती त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होती.

"सारखं घड्याळ काय बघत होतात?" बाईंनी विचारलं. "घरी जायची घाई होती?"

त्याने तोंड उघडण्याआधीच मामा म्हणाले, "राउटरमध्ये कोण कधी शिरलं त्याच्या नोंदी बघू ना. नुसत्या तुझ्या नावाच्या ओळी काढ, बाकीचा पसारा कशाला?"

सवयीने त्याने तसंच केलं. एकच ओळ आली: सकाळी नऊला तो आत आला होता. म्हणजे आत तोच. बाई फोनवर वरच्यांना तेच सांगू लागल्या.

मग त्याने वरचा बाण दाबला, आपलं नाव खोडलं आणि सगळ्याच नोंदी मागवल्या. पान भरलं आणि पडदा थांबला. पुढचं पान हवं तर स्पेसबार दाबायचा. मामांच्या पासवर्डची मुदत शनिवारीच संपली होती, सकाळपासून ते त्यावरून कुरकुरत होते. पुढच्या पानावर त्यांचं नाव असणार, आत शिरायच्या आजच्या फसलेल्या प्रयत्नांसकट; म्हणून तर त्यांना भाच्याचं उघडं मशीन लागलं.

मामा त्याच्या कानाशी वाकले. "निवृत्तीला दोनच महिने राहिलेत रे माझ्या."

त्याला मामांची घाण वाटली, आणि आईचा चेहरा आठवला. त्याने स्पेसबारवरचं बोट उचललं आणि यादी बंद केली.

नोकरी राहिली. राउटरला हात लावायचा नाही, उद्यापासून केबलच्या गोदामात बसायचं, एवढ्यावर भागलं. मामांनी बाईंकडे रदबदली केली म्हणे. आईला हे त्याच्या आधीच कळलं होतं. तिने दारातच त्याच्या हातात फोन दिला आणि मामांचे आभार मानायला लावले.

त्याने मानले.

"असू दे," मामा म्हणाले. "पण पुन्हा मशीन उघडं टाकून जाऊ नकोस."