ताटातलं नाव

लग्नात सासूबाईंनी नाव ठरवलं आणि वासुदेव तेलीनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘कुंदा’ असं लिहिलं. पेढे वाटले गेले. ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्यावरही तेच नाव चढलं. त्याआधी ती जन्मापासून नर्मदा होती. शाळेच्या दाखल्यावर नर्मदा, डी.एड.च्या प्रमाणपत्रावर नर्मदा आणि पासपोर्टवरही नर्मदाच. तांदळात लिहिलं की नाव साऱ्या जगाला लागू होतं, अशी आपल्याकडे सगळ्यांची ठाम समजूत! वासुदेवचीही होती. दुबईत साइट सुपरवायझर असलेला हा माणूस भिंत सूतभर वाकडी गेली तरी पाडायला लावायचा, पण कागदोपत्री दोन नावं झाली, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

कुंदा व्हिजिट व्हिसावर अल कुसैसला आली आणि दोघं फॅमिली व्हिसासाठी सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या मुश्ताककडे गेले. त्यानं दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला, मग पुन्हा दाखला पाहिला.

“भाईसाब, ये तो दो औरतें हैं,” तो म्हणाला. “शादी आपने कुंदा से की. ये नर्मदा कौन है?”

“यही है ना!” वासुदेव म्हणाला.

“सरनेम शादी के बाद बदलता है, वो सब समझते हैं. पहला नाम कैसे बदला? और इस पर महाराष्ट्र सरकार का ठप्पा भी नहीं.”

म्हणजे कागदोपत्री वासुदेवची बायको कुणी कुंदा होती आणि त्याच्या खोलीत नर्मदा नावाची परकी बाई राहत होती. लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा असलेल्या त्या देशात ही थट्टेची बाब नव्हती. वासुदेवचा चेहरा पडला. व्हिजिट व्हिसाची मुदत संपत आली होती.

“राहा गं तशीच,” शेजारची सविता म्हणाली. “मी नाही का राहिले? कोण विचारतं?”

पण सविता कशी राहत होती, ते कुंदा रोज पाहत होती. जिन्यात बूट वाजले की तिचा टीव्ही बंद व्हायचा. बाजारात जायचं तर आधी नवरा खाली जाऊन रस्ता बघून यायचा. ते शहाण्णव साल होतं. बेकायदा राहणाऱ्यांनी दंड न भरता निघून जावं, अशी मुभा तिथल्या सरकारनं दिली, तेव्हा सविताही रडत रडत बॅगा भरायला लागली.

दुसरी वाट वासुदेवला साइटवर कुणीतरी सुचवली. “हवं ते नाव, हवा तो शिक्का, सगळं इथेच बनवून मिळतं म्हणे,” तो घरी येऊन म्हणाला. “आठशे दिरहम. म्हणजे झाले आठ हजार. खलास, प्रॉब्लेमच संपला.”

“अहो, कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढायची,” कुंदा म्हणाली. “आता स्वतःच खोट्या शिक्क्यावर संसार थाटू?”

“मग काय करायचं?”

“परत जाते. खरा आणते.”

 त्याला सुट्टी मिळणार नव्हती, आणि एकदा गेलेली बायको परत कधी येईल याचा नेम नव्हता. विमानात कुंदालाही रडू आवरेना. ते तिनं बाजूच्या सीटवरच्या सविताच्या रडण्यात खपवलं.

नाव बदललं की ते राज्य सरकारच्या राजपत्रात छापून घेता येतं, हे तिला मुंबईत कळलं. ती चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात गेली. खिडकीमागच्या आशाबाईंनी अर्ज पुढे सरकवला.

“जुनं नाव वर, नवं खाली. लग्न झालेल्या पोरींचं सोपं असतं. माहेरचं वर, सासरचं खाली.”

कुंदानं पेन टेकवलं आणि ती थांबली. नर्मदा म्हणूनच ती शिकली होती, नर्मदा म्हणूनच तिनं पहिला पगार घेतला होता. तांदळात नाव लिहिताना तुला कोणतं आवडेल, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि इथे सरकारी अर्जावर तिच्यासाठी चक्क कोरी जागा ठेवली होती! तिनं वर लिहिलं, कुंदा वासुदेव तेली. खाली लिहिलं, नर्मदा वासुदेव तेली.

“उलटं लिहिलंत,” आशाबाई म्हणाल्या.

“नाही. आता सुलट झालं.”

आशाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं आणि अर्ज ठेवून घेतला.

राजपत्राचं पान हातात आलं, तेव्हा त्यावर राज्याचं नाव आणि खाली आपलं नाव पाहून नर्मदाला असा काही अभिमान वाटला, की तिनं रस्त्यातच उभं राहून ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिनं बूथवरून वासुदेवला फोन लावला.

“अहो, नाव छापून आलं. नर्मदा.”

पलीकडून तो म्हणाला, “आईला काय सांगू?”

“सांगा, सरकारनं छापलंय. आता सरकारशी भांडा म्हणावं.”

तो हसला नाही. फोन कट झाला. कापला गेला की त्यानं ठेवला, हे तिला कळलं नाही आणि ती धास्ती मनात धरूनच तिनं पुढची कामं केली. राजपत्र जोडलेल्या विवाह दाखल्यावर मंत्रालयाचा शिक्का बसला, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा. कागद दुबईला पोचले आणि व्हिसा आला.

विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला. “नर्मदा?”

“येस!” ती इतक्या जोरात म्हणाली, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

बाहेर वासुदेव उभा होता. टॅक्सीत तो मुश्ताकबद्दल बोलला, उकाड्याबद्दल बोलला, पण तिला कुंदाही म्हणाला नाही आणि नर्मदाही नाही. 

खोलीचं दार उघडलं, तर मधोमध स्टीलचं ताट होतं आणि त्यात तांदूळ पसरलेला होता.

“आई दोन दिवस बोलली नाही,” तो म्हणाला. “मग तिनंच फोन करून विचारलं, व्हिसा झाला का.”

तो खाली बसला आणि बोटातली अंगठी काढू लागला.

“सांग,” तो म्हणाला. “काय लिहू?”

पर्समध्ये राजपत्र होतं, पासपोर्टमध्ये व्हिसा होता, तरी ती ताटासमोर येऊन बसली. तिनं नाव सांगितलं. वासुदेवनं ते ताटभर, मोठ्या अक्षरांत लिहिलं.