घराभोवतीची वाट

आकाशातला एक धोंडा पृथ्वीच्या अगदी जवळून निघून गेला, ही वर्तमानपत्रातली बातमी मी भोरहून हिर्डोशीला गेलो तेव्हा कोंडावहिनीला वाचून दाखवली, ती निव्वळ तिचं मन रमावं म्हणून. अडतीस साल नुकतंच लागलं होतं. मागल्या श्रावणात माझा थोरला भाऊ ज्ञानू ओढ्याच्या पुरात वाहून गेला. प्रेत सापडलं नाही, पण आमची भावकी शहाणी; तिने पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळला आणि वहिनीच्या बांगड्या फोडल्या. वहिनी रडली नाही. तिच्याकडे बघून माझंच काळीज तुटायचं.

"धोंडा पडला न्हाई का?" तिने विचारलं.

"नाही. सूर्याभोवती फिरतो तो. जवळ येतो, लांब जातो. थोडेच दिवस दिसला, म्हणून त्याची वाट कुणाला नक्की कळली नाही."

"म्हंजी येतोय, पर थांबत न्हाई. तुमचं दादा बी तसंच करत्यात, भावजी."

तिने मला परसात नेलं. वाळल्या गवतात घराला वळसा घालून एक पायवाट पडली होती. ती कुठून आली नव्हती आणि कुठे जातही नव्हती.

"आदी पार बांदापल्याड हुती. दिस कलला की येत्यात. म्या दार उगडंच ठिवती. पर तुमी जाळलेल्या माणसानं उंबरा कसा वलांडावा?"

माझ्याबरोबर भोरला चल म्हणून मी तिच्या अक्षरशः पाया पडलो.

"म्या गेल्यावर त्यांनी कुनाकडं यायचं?" एवढंच ती म्हणाली.

शिमग्याला पुन्हा गेलो, तेव्हा उन्हं कलली होती. दार सताड उघडं, चूल थंड. वाट आता अंगणात, भिंतीला लागून आली होती आणि तिच्यावरून वहिनी भराभरा चालत होती. कपाळाला कुंकू होतं. पुढच्या कुणाला तरी गाठायचं असावं तशी ती माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे न बघता, आणि डाव्या कोपऱ्याआड दिसेनाशी झाली.

तेवढ्यात उजव्या कोपऱ्याआडून दादा आला. खांद्यावरच्या घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. तो डाव्या कोपऱ्याआड वळला, आणि उजवीकडून पुन्हा वहिनी आली. दोघांची चाल एकच होती.

"दादा!" मी ओरडलो. "वहिनी!"

कुणीच थांबलं नाही.