ताटातलं पाणी

शिवतेजनं ताटात उरलेल्या रश्श्यावर तांब्यातलं पाणी ओतून हात धुतले, तेव्हा नाथाजी सरांना त्याच्या पत्राची आठवण झाली. गेल्या ऑगस्टात आलेलं, दोन पानी, निळ्या शाईतलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

ताटातल्या पाण्यावर तेलाचे लालसर थेंब फिरत होते. त्यात भाताची शितं आणि कढीपत्त्याचं एक पान. सरांनी नजर उचलली आणि समोरच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं ओळीनं वाचायला सुरुवात केली.

"पोट भरलं का रं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"लय भरलं, काकू. मेसचं खाऊन जिभंला चवच ऱ्हायली नव्हती."

त्या ताट उचलून आत गेल्या. लग्नानंतर महिनाभरातच त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "आवं, तुमी ताटात हात का धूत न्हाई?" सर म्हणाले होते, "सवय नाही." पंचेचाळीस वर्षं ते जेवून उठून मोरीपाशी जात होते. चंद्राबाईंनी पुन्हा काही विचारलं नव्हतं.

शिवतेज इथला, मेढ्याचाच. शाळेत असताना सरांकडून पुस्तकं न्यायचा आणि परत आणताना त्यांना नवं कव्हर घालून आणायचा. आता सांगलीजवळच्या एका शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. सरही त्याच कॉलेजात शिकलेले, त्याच वसतिगृहात राहिलेले.

"तर सर, शनिवारी सकाळी गाडी येईल," शिवतेज म्हणाला. "'एक ताट'मधी नवी पोरं घ्यायचीत. प्रमुख पाहुणे तुमी."

"मी कशाला?"

"मग कोण? शपथ कुणी लिहिली? आवं, निम्म्या पोरांना वाटतंय तुमी कवाच गेला. म्हटलं, चांगले ठणठणीत हायत, रोज दोन भाकरी खात्यात."

तो मोठ्यानं हसला. सरही थोडं हसले आणि मग आपण हसलो याचा त्यांना राग आला.

'एक ताट' हा वसतिगृहातला ग्रुप. त्यात असलं की जुन्या नोट्स मिळत, पुढं कारखान्यात किंवा खत कंपनीत चिकटवून देणारा कुणीतरी जुना 'भाऊ' मिळे. नसलं की मेसमध्ये शेजारी कुणी बसत नसे. आत घेण्याची रीत ठरलेली होती. दुसऱ्या वर्षाची पोरं जेवून एकाच ताटात हात धुवायची आणि नव्या पोरानं ते पाणी प्यायचं. त्याला तीर्थ म्हणत. मग शपथ: आमचं ताट एक, आमचं पाणी एक, आमच्यात परका कुणी नाही.

शिवतेजनं पत्रात लिहिलं होतं, "पहिले दोन महिने आमचे फोन सीनियर ठेवून घेतात, म्हणून पत्र लिहितोय. सर, ते म्हणतात तुम्ही स्वतः प्यायला होता. खरं आहे का? तुम्ही नाही म्हणालात, तर मीही नाही म्हणेन."

सरांनी ते पत्र तीनदा वाचलं होतं. उद्या सावकाश लिहू, असं ठरवून एका जाड पुस्तकात ठेवलं होतं. ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं नव्हतं.

"तुझं पत्र आलं होतं," सर एकदम म्हणाले.

"त्ये व्हय!" शिवतेज लाजला. "कसला भित्रा हुतो मी. तुमचं उत्तर आलं न्हाई, तवा समजलो. म्हटलं, न्हाई म्हणायचं असतं तर सरांनी कळवलं असतं. डोळं मिटलं आन प्यालो."

सरांचा अंगठा खुर्चीच्या हातावर घासत राहिला.

"मग?"

"मग काय, दोन दिस मळमळलं. आता काय न्हाई वाटत. यंदा मी हात धुणार." पहिला वर्ग मिळाल्याचं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

"किती मुलं आहेत?"

"अकरा. धा तयार हायत. एक तेवढा कुंडलचा रिजवान मुल्ला आडून बसलाय. माझ्याच जुन्या खोलीत असतो, चौदा नंबरात. म्हणतोय, तुमच्यासंगं एका ताटात जेवतो, पर हात धुतलेलं पाणी पिणार न्हाई. मी म्हटलं, गड्या, हितं जात न्हाई, धर्म न्हाई, सगळ्यांना एकच पाणी. तुमची शपथ म्हणून दाखवली त्याला. तुमी म्होरं बसला की बघा, मुकाट पेतोय. एवढ्या थोर माणसाफुडं न्हाई म्हणायची त्याची टाप न्हाई."

सरांच्या तोंडात आंबट पाणी आलं. त्यांनी ते गिळलं. नाही म्हणायचं म्हणून तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "बघू."

"बघू काय, आठला गाडी दारात."

शिवतेज पाया पडला. त्याच्या बोटांना अजून रश्श्याचा वास येत होता. तो फाटकाबाहेर गेल्यावर सरांनी मोरीवर जाऊन साबणानं पाय धुतले, दोनदा. मग तिथंच भिंतीला हात टेकून उभे राहिले.

सुरुवातीला खरंच एक ताट होतं. दुष्काळाचं वर्ष, मेसमध्ये धान्य कमी आणि पंगती जातीजातींच्या. सहा पोरांनी एका परातीत जेवायला सुरुवात केली आणि पुस्तकं वाचणारा म्हणून नाथाजीला शपथ लिहायला सांगितली. रात्रभर जागून त्यानं ती लिहिली. महिन्याभरात एका सीनियरनं गंमत म्हणून परातीत हात धुतले आणि म्हणाला, पाणी एक म्हणतोस ना, पी. सगळे हसत होते. नाथाजी प्यायला. मेसच्या मागं जाऊन ओकला आणि तोंड पुसून परत येऊन सगळ्यांबरोबर हसला. पुढच्या वर्षी त्यानं स्वतः हात धुतले. समोरच्या मुलाचं नाव सरांना आता आठवत नव्हतं. त्याचे मोठे कान आठवत होते आणि ओठाला चिकटलेलं भाताचं शीत. ते शीत त्या मुलानं जिभेनं आत घेतलं होतं.

सर टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर त्यांनी समतेबद्दल लिहिलं, दुसऱ्यावर तरुण पिढीबद्दल. वाचून त्यांना किळस आली. दोन्ही फाडले. तिसऱ्या कागदावर लिहिलं:

"रिजवान, तू मला ओळखत नाहीस. ती शपथ मी लिहिली. ते पाणी मी प्यायलो आणि ओकलो. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाला पाजलं. त्यात थोर काही नाही, ते खरकटं पाणी आहे. गेल्या वर्षी तुझ्याच खोलीतून एकानं मला हे विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही, म्हणून तो प्यायला. तू पिऊ नकोस. शनिवारी मी येणार नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, हा कागद दाखव."

चंद्राबाई चहा घेऊन आल्या. सरांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि खिडकीकडं बघत बसले. चंद्राबाईंनी उभ्या उभ्या वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"शी," त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली.

त्यांच्याकडं न बघताच चंद्राबाई उठल्या. "पाकीट बघते घरात हाय का. आज मंगळवार हाय."

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीमागच्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर टाकलं आणि उलटून बघितलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय."

"नाही घातलं तर चालतं का?"

"न्हाई चालत."

मागं तिघं उभे होते. सरांनी दोरीला बांधलेलं पेन घेतलं. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, आडनाव, मुक्काम मेढा, पिनकोड. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. मुलीनं बारकोडची पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

"परवा पोचंल."

सर बाजूला झाले नाहीत. "समजा," ते हळू आवाजात म्हणाले, "आता परत मागितलं तर?"

"आता कसलं? पोत्यात गेलं की त्ये."

"बरं," सर म्हणाले आणि मागच्या माणसाला वाट दिली.