पंचवीस तासांचं घर

लग्नाच्या आदल्या दिवशी होणाऱ्या नणंदेनं तिला बाजूला घेतलं होतं. "भाऊ माझा सोन्यासारखा आहे," वन्सं म्हणाल्या, "पण एक लक्षात ठेव. दुरुस्तीला घेतलेली वस्तू तो अर्धवट सोडत नाही. गिऱ्हाईक म्हणालं राहू द्या, तरी सोडत नाही."

"मग बरंच की वन्सं," ती हसून म्हणाली होती. "बाकीचे नवरे सगळं अर्धवटच सोडतात म्हणे."

वन्संना हसू आलं नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं होतं, पण लग्नघाईत लक्षात आलेल्या गोष्टी कोण धरून बसतं?

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि दिवसभर कानाशी मोबाईलवर कुणाची तरी व्याख्यानं. त्यातच त्याला तो हरवलेला ग्रह सापडला. मंगळ आणि गुरू यांच्या मधोमध म्हणे एक ग्रह होता, तो फुटला. आता तिथं नुसते दगड फिरतात. पण फुटायच्या आधी तिथली माणसं इथं उतरली होती, आणि आपण त्यांचेच वंशज.

"नाहीतर सांग," तो म्हणायचा, "उन्हात आलं की डोळे मिचकावणारा प्राणी एकटा माणूसच का? पाठ त्याचीच का दुखते? बाळंतपणात एवढे हाल बाईचेच का? या पृथ्वीचं माप आपल्याला होत नाही. आपण इथले पाहुणे."

"पाहुणे तर पाहुणे," ती म्हणायची, "भांडी कोण घासणार तेवढं सांगा."

तोही हसायचा. ती सायन्सची पदवीधर, अक्षर मोत्यासारखं. त्याच्या टिपणांची वही तिनंच सुवाच्य उतरवून दिली. एके ठिकाणी त्याचं गणित चुकलं होतं, तेसुद्धा तिनं सुधारून दिलं. पुढं किती रात्री तिनं त्या वहीला शिव्या घातल्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

मुलगी झाली आणि थट्टेची मस्करी झाली, मस्करीची कुस्करी. त्या ग्रहाचा दिवस पंचवीस तासांचा होता, असं त्याच्या हिशेबात निघालं. मोठ्यांची सवय मोडली, पण बाळाचं शरीर अजून कोरं. तिला पहिल्यापासून खरा दिवस मिळाला तर? त्यानं भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाच्या दांडीला जोड दिला, लंबक खाली नेला, आणि घड्याळ रोज बरोबर एक तास मागं पडू लागलं. खिडक्यांना काळा कागद लागला, कारण त्या ग्रहावर सूर्य लांब आणि मंद. दुकान बंद करून त्यानं कामाचं टेबल घरात आणलं. मोबाईल रस्त्याची, म्हणजे बाहेरची वेळ दाखवायचे, म्हणून त्याचा आणि तिचाही पत्र्याच्या डब्यात गेला. "दोन महिने फक्त," तो म्हणाला. तिनं आपला स्वतःच्या हातानं डब्यात ठेवला.

हेच तर होतं. तिला कुणी कोंडलं नव्हतं. एकेक वस्तू तिनंच काढून दिली होती. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. ओरडायचं तर काय ओरडायचं? 'धावा धावा, माझ्या नवऱ्याचं घड्याळ मागं पडतंय'?

मग कडी आली. एकदा घरातल्या 'रात्री' तिनं दार उघडलं आणि भर दुपारचं ऊन बाळाच्या तोंडावर पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दाराची कडी तारेनं घड्याळाला जोडली. घरातले सकाळचे नऊ वाजले की कडी सरकायची, दहाला पुन्हा बसायची. त्या तासात तो दूध, भाजी, गिऱ्हाइकांचं सामान बघायचा. तो तास रोज सरकत जायचा. कधी रस्त्यावर दुपार, कधी चिटपाखरू नाही.

ती मात्र डोळ्यांत तेल घालून होती. काळ्या कागदाला तिनं टाचणीनं एक भोक पाडलं होतं. त्यातून फरशीवर नाण्याएवढा उजेड पडायचा. समोरच्या शाळेची पहिली घंटा नऊला व्हायची. ज्या दिवशी घंटा नाही तो रविवार. तिथून ती बोटांवर वार मोजायची. दर पंचवीस दिवसांनी घर आणि रस्ता एकदा एका वेळेवर येत, आणि पुन्हा फाकत.

असाच एकदा तो तास सकाळी आला असताना सरकारी दवाखान्यातली नर्सताई दारात आली. ताईनं वर्षभराच्या बाळाला उभं केलं, पाय बघितले. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकत होते.

"पोरीला ऊन दाखवता का नाही?" ताई म्हणाली. "बुधवारी दहाला तासभर मुलांच्या डॉक्टरीणबाई येतात. बुधवारीच हं. आणि लांबवू नका, हाडं कच्ची राहतील."

तिनं नवऱ्याला सांगितलं. "बघू," तो म्हणाला. "इथल्या डॉक्टरांना इथलीच मापं माहीत." मग बाळाला मांडीवर घेऊन किती तरी वेळ तिचे पाय चोळत बसला. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल?

पुढचे तीन बुधवार दाराच्या तासाशी जुळले नाहीत. चौथ्याचं तिनं बोटांवर मोजलं. घर आणि रस्ता सोमवारी एका वेळेवर येणार होते. मंगळवारी दार दहाला उघडणार, बुधवारी अकराला. तोवर डॉक्टरीणबाई उठून गेलेल्या असणार.

पण त्याच्या धंद्याचा एक नियम तिला माहीत होता. दुकानात एकच घड्याळ उस्ताद. बाकी सगळी त्याच्यावर लावायची, त्याला तपासायचं नाही. घरातला उस्ताद तोच भिंतीवरचा लंबक.

सोमवारी शाळेची घंटा झाली, कडी सरकली, तो दुधाला गेला. तिनं स्टूल ओढलं, घड्याळाची झडप उघडली आणि लंबकाखालचा नट फिरवत फिरवत वर नेला, जुन्या खुणेपर्यंत. घाईत लंबक दोनदा काचेला लागला. बाळ खालून टाळ्या वाजवत होतं.

मंगळवारी घंटा आणि कडी बरोबर. तो टेबलाशी बसून होता, चिमटा हातात, पण काम करत नव्हता. "काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला.

बुधवारी घंटा झाली. कडी सरकली. बाळाला टॉवेलात गुंडाळून ती म्हणाली, "आज दूध मी आणते. तुमची पाठ दुखतेय ना."

"थांब," तो म्हणाला.

ती थांबली. कडीवर हात तसाच.

"परवापासून ऐकतोय," तो टेबलाकडंच बघत म्हणाला. "ठोका भरभर पडतोय. नट वर आहे." आणि मग अगदी हळू, "काच तरी पुसायचीस. बोटं उमटलीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तिच्या डोळ्यांवर हात धर," तो एवढंच म्हणाला. "एकदम ऊन सोसणार नाही."

"तुम्हीही चला ना."

तो उठला, उंबऱ्यापर्यंत आलासुद्धा. पायावर ऊन पडलं तसा पाय मागं घेतला. "सुरू केलंय," तो म्हणाला. "अर्धवट कसं सोडू?"

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, रोज सकाळचं ऊन सांगितलं. तिथून ती थेट वन्संकडं गेली. संध्याकाळी दोघी परत आल्या तर कडी बसलेली. दाराला कान लावला. आत ठोका पुन्हा संथ पडत होता.

पोलीसही येऊन गेले. तो नेमका त्याच्या तासाला दार उघडून म्हणाला, "मी ठीक आहे." सज्ञान माणूस, स्वतःचं घर, कायदा काय करणार? तिनं ते पंचवीस दिवसांचं गणित पुन्हा मांडून बघितलं, पण तिच्या वेळेला दार उघडत नाही. त्यानं तास बदलला असावा.

मुलगी आता धरून धरून चालते. उन्हात डोळे मिचकावते आणि हसते.

म्हणून तिचं एक मागणं आहे. शाळेसमोरच्या गल्लीत काळ्या कागदाच्या खिडक्यांचं एक घर आहे. तुम्ही कधीही तिथून जा, सकाळी, दुपारी, केव्हाही, एकदा दार वाजवा. आत ठोका चालू आहे का ऐका. लंबकाच्या घड्याळाला आठ दिवसांनी चावी द्यावी लागते, आणि तो ती चुकवणारा नाही. ठोका बंद असेल तर थांबू नका, दार तोडा.