आवं म्हटलं की

संयोगिताच्या पायाला भिंगरी आहे असं तिच्या माहेरी म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. खंडाळा तालुक्यातल्या त्या घरात जेवायला दोन पंगती बसत, तेव्हा भिंगरी असलेली पोर सगळ्यांच्याच कामाची होती. लग्न होऊन ती मलकापुरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आली आणि भिंगरी फिरवायची कुठं हा प्रश्नच पडला. स्वयंपाकघरातून निघालं की बाहेरची खोली, तिथून गॅलरी, आणि गॅलरीच्या पुढं हायवे.

नवरा विश्वजित इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत होता. गळिताचा हंगाम जोरात होता. कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. माणूस घरी असला तरी निम्मा वेळ झोपलेला, आणि झोपलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय. म्हणून संयोगितानं घर सजवायला घेतलं.

घरमालकाची एकच अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ही अट ज्यानं काढली त्याला नवं लग्न झालेल्या बाईचं मन कळत नसावं. पण हीसुद्धा हार मानणारी नव्हती. विश्वजितनं कारखान्यातून टाकाऊ लाकडी फळ्या आणल्या, तिनं त्या घासून एकावर एक रचल्या आणि वर गादी टाकून बैठक केली. आईच्या जुन्या इरकलीचे पडदे झाले. भावाच्या घराचा उरलेला रंग आणून तिनं बाहेरच्या खोलीची एक भिंत पिवळी केली. मग ती फारच पिवळी वाटली म्हणून त्यात पांढरा मिसळून पुन्हा रंगवली. मग पहिलीच बरी होती असं वाटायला लागलं. बैठक सोमवारी खिडकीखाली असली तर गुरुवारी दाराशी असायची. पाळीवरून आलेला विश्वजित अंधारात बैठकीला अडखळायचा आणि गुडघा चोळत झोपायला जायचा.

हे सगळं चाललेलं असताना तिच्या तोंडात एकच शब्द असायचा. आवं, ही फळी धरा. आवं, रंग बघा वाळला का. आवं, चहा निवला. समोरच्या फ्लॅटमधली माया आपल्या नवऱ्याला खुशाल "कपिल, पाणी आलंय" अशी हाक मारायची. विश्वजितनंही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, नावानं हाक मारत जा, आता कुठं ते जुनं राहिलंय. संयोगितानं आरशासमोर उभं राहून प्रयत्नही केला. 'विश्व' पर्यंत जीभ गेली आणि तिथंच बसली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची आजी सांगायची. संयोगिता बी.कॉम. झालेली होती, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नाही म्हणून उगाच परीक्षा कशाला बघा.

अशात विश्वजितनं एका सकाळी जर्किनच्या आतून कुत्र्याचं पिल्लू काढलं. कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाच्या पाचटात सापडलं होतं, आईचा पत्ता नव्हता. तांबूस रंग, एक पाय पांढरा, आणि पोट असं की चालताना जमिनीला लागावं. विश्वजितनं त्याचं नाव टायगर ठेवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं संयोगिता म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून घराला तिसरा जीव आला. टायगरनं पॉलिश पेपर खाल्ला, ब्रशचे केस खाल्ले, ओल्या पिवळ्या भिंतीला अंग घासून स्वतःलाही अर्धं पिवळं करून घेतलं. बैठक कुठंही हलवली तरी हा तिच्याखाली हजर. संयोगिता आता बसायला शिकली, कारण ती बसली की तो मांडीवर येऊन झोपायचा आणि उठायची सोय राहायची नाही.

फक्त तो नावाला ओ देत नव्हता. विश्वजित 'टायगर, टायगर' करून घसा कोरडा करायचा आणि टायगर आपला पाय चाटत बसायचा. विश्वजितला वाटलं कानानं अधू असेल.

कान शाबूत होते. एका दुपारी विश्वजित कारखान्यात असताना संयोगिता फोनवर त्याला म्हणाली, "आवं, येताना पडद्यांना घालायला खळ घेऊन या," आणि गॅलरीत उन्हाला पडलेलं पिल्लू ताडकन उठलं, शेपूट हलवत धावत आलं आणि तिच्यासमोर मान वर करून बसलं. तिनं फोन ठेवला. मग तिनं हळूच म्हणून बघितलं, "टायगर." काही नाही. "आवं." दोन्ही कान उभे.

तिला हसू आलं. बरोबरच होतं की त्याचं. दिवसभर या घरात जो शब्द सगळ्यांत जास्त ऐकू येतो, तेच आपलं नाव, असं त्यानं धरलं होतं. पण हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला ज्या शब्दानं मान द्यायचा त्याच शब्दाला घरातलं कुत्रं ओ देतं! माहेरी एकदा चुलतभावानं रेड्याला आत्याच्या मालकांचं नाव ठेवलं होतं तर दोन दिवाळ्या आत्या आली नव्हती. आणि सासूबाईंच्या कानावर गेलं तर? साळूबाई म्हणजे चार माणसांत शब्द तोलून टाकणारी बाई. संयोगिता त्यांना आत्या म्हणायची आणि त्यांच्यासमोर पदर दोनदा नीट करायची.

तेव्हा तिनं ठरवलं, हा शब्दच बंद करायचा. कुत्रं विसरेल, मग पुन्हा सुरू करू.

ठरवणं सोपं होतं. पण आवं नाही आणि नावही नाही, तर माणसाला हाक मारायची कशी? ती स्वयंपाकघरातून ताटलीवर चमचा वाजवायला लागली. चहा नेऊन नुसता समोर ठेवायला लागली. फोनवर एकदम कामाचंच बोलायची, कुठल्या तरी खात्यातून बोलत असल्यासारखं. विश्वजित गॅलरीत असला तर काम सांगण्याऐवजी स्वतःच करून टाकायची. काय झालं, असं त्यानं एकदा विचारलं. कुठं काय, असं ती म्हणाली. तो पुन्हा विचारणाऱ्यातला नव्हता.

घर गप्प झालं आणि संयोगिताच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. तिनं पडदे उसवले, परत शिवले. भिंत तिसऱ्यांदा रंगवायला काढली. रात्रपाळी नसलेल्या दिवशीही विश्वजित घरी उशिरा यायला लागला. तिला वाटायचं, कामाचा ताण असेल. आपल्या मौनाला दुसऱ्या बाजूनं कान आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मग एका संध्याकाळी बूट काढता काढता तो म्हणाला, "रविवारी आबा अन् आई येणार हायती. टायगरला मळ्यात घेऊन जात्याल. तिथं मोकळी जागा हाय. तुलाबी जरा आराम पडंल."

संयोगिता ओट्यापाशी उभी होती. टायगर तिच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. नको म्हणायचं होतं. आतून सगळं नको म्हणत होतं. पण तिचा प्रत्येक नकार त्याच एका शब्दानं सुरू व्हायचा. आवं, नको. आवं, असं काय करताय. तो शब्द तोंडात आला, पायावर पिल्लू निजलेलं दिसलं, आणि तिनं तो गिळला.

"बरं," ती म्हणाली.

विश्वजितनं तिच्याकडं बघितलं. ती भांडेल अशी त्याला थोडी तरी आशा असावी, पण तिची पाठ त्याच्याकडं होती.

रविवारपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. टायगर गेला की पुन्हा ते घर, तो हायवे आणि ती. आणि हे आपल्याच नवऱ्यानं ठरवलं, याचा राग वेगळाच. कुत्रं त्यानंच आणलं, त्यानंच काढून टाकलं, आपल्याला कुणी विचारलं? रागाच्या भरात तिनं बैठक ओढून पुन्हा खिडकीखाली नेली.

सासू-सासरे आले. सासरे दादासो तसे गरीब माणूस, पण कानानं जरा कमी आणि जागचं हलायला त्याहून कमी. आल्या आल्या त्यांनी बैठकीवर मांडी ठोकली ती जेवणापर्यंत सोडली नाही. साळूबाईंनी भिंत बघितली, पडदे बघितले, फळ्यांची बैठक दाबून बघितली. "हातात कला हाय," म्हणाल्या. एरवी एवढ्यावर संयोगिता आठवडाभर खूश राहिली असती.

जेवताना साळूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, आमटी घ्या की."

बैठकीखालून टायगर निघाला, लगबगीनं साळूबाईंच्या पुढ्यात येऊन बसला आणि मान वर केली. संयोगिताच्या हातातला पळा तसाच राहिला. दादासोंना हाक ऐकूच गेली नव्हती, ते आपल्या भाकरीत होते. "आवं," साळूबाई पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. टायगरनं शेपटीनं फरशी झाडली. साळूबाईंनी एकदा कुत्र्याकडं बघितलं, एकदा सुनेकडं बघितलं, आणि दादासोंच्या वाटीत आमटी वाढली. ते बघणंच संयोगिताला जड गेलं.

निघायची वेळ झाली. दादासो खाली पिकअप गाडीत जाऊन बसले. टायगरची दुधाची वाटी वर राहिली म्हणून विश्वजित ती आणायला परत गेला, आणि एक वाटी आणायला माणसाला लागावा त्याहून फार जास्त वेळ लावायला लागला. खाली संयोगिताशेजारी साळूबाई पिल्लू कडेवर घेऊन उभ्या होत्या. गाडीचं दार उघडायला त्यांनी एक हात काढला आणि टायगरनं खाली उडी टाकली.

फाटक उघडं होतं. पुढं सर्व्हिस रोड, आणि त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून एक ट्रॅक्टर येत होता. टायगर सरळ तिकडंच धावत सुटला.

वॉचमन 'टायगर' म्हणून ओरडला. स्कूटर धुणारा मायाचा कपिल ओरडला. साळूबाई ओरडल्या. हे नाव टायगरचं नव्हतंच, तो कशाला थांबतोय. संयोगिताला माहीत होतं तो कशानं थांबेल. जवळ सासू होती, गाडीत सासरे होते, गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या. क्षणभर तिला त्या सगळ्यांची लाज वाटली. मग ट्रॅक्टरचा भोंगा वाजला.

"आवं!"

असा आवाज त्या अपार्टमेंटमध्ये आजवर कुणी काढला नव्हता. वॉचमन वळला. कपिल हातातल्या पाइपासकट वळला. सिलिंडर उतरवणारा माणूस वळला, बिचाऱ्याला घरचीच हाक वाटली. आणि रस्त्याच्या कडेला टायगर थबकला. "आवं! आवं, या हिकडं!" तो वळला आणि होता नव्हता तेवढा जोर काढून तिच्याकडं धावत आला. त्याच्यामागून ट्रॅक्टर ऊस सांडत निघून गेला.

तिनं त्याला उचलून छातीशी धरलं. तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड कुणीतरी उतरल्याचा आवाज आला. विश्वजित होता. अनवाणी, हातात दुधाची वाटी, धापा टाकत.

"मला हाक मारलीस?" त्यानं विचारलं.

त्याचा चेहरा बघून तिला खरं सांगवलं नाही. "व्हय," ती म्हणाली.

"किती दिसांनी मारलीस," तो म्हणाला. वाटीशी चाळा करत, खाली बघत. "मला वाटलं, कुतरं आणल्यापास्नं तू माझ्यावर चिडलीयास. हाकबी मारीना झालीस. म्हणून आबांना बोलावलं."

म्हणजे राग राग करून तो कुत्र्याला घालवत नव्हता. तिला मोकळं करत होता. आणि ती कुत्र्याला विसरायला लावता लावता ह्या माणसाला घरातून हाकेवाचून ठेवत होती. संयोगिताला रडू आलं, आणि कितीतरी दिवस गिळलेलं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

"आवं, ह्याला नेऊ देऊ नका."

विश्वजितनं मान वर केली. तिच्या छातीशी धरलेल्या टायगरनंही मान वर केली, कान उभे केले आणि तिची हनुवटी चाटली. विश्वजितनं कुत्र्याकडं बघितलं. मग बायकोकडं. "आवं?" त्यानं हळूच म्हणून बघितलं. टायगरचे कान त्याच्याकडं वळले. संयोगितानं डोळे मिटून घेतले. विश्वजित आधी नाकातून हसला, मग त्याला आवरेना, वाटी हातातून पडली आणि तो तिथंच पायरीवर बसून हसत राहिला.

साळूबाई हे सगळं उभ्या उभ्या बघत होत्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"ऱ्हाऊ दे ते हितंच," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्नं मी हीच हाक मारतीया, सूनबाई. माझा कवा असा पळत आला न्हाई."

आणि गाडीकडं वळून म्हणाल्या, "आवं, चला."

गाडीतून उत्तर आलं नाही. संयोगिताच्या हातातलं पिल्लू तेवढं सुटायची धडपड करायला लागलं.