मागे वळून न पाहणारी घार

“मावशी, गुणगुणताय तुम्ही!” दाराच्या फटीतून बरोबरची चष्मेवाली शिकाऊ मुलगी कुजबुजली.

मावशींच्या हातातला चिमटा जागीच थांबला. घारीच्या पिलाने मांसाचा तुकडा गिळला आणि मान तिरकी करून ते मावशींकडे पाहत राहिलं. मावशींच्या चेहऱ्यावर नियमाप्रमाणे जाळीचा बुरखा होता. पण आवाजाला बुरखा कुठून आणायचा?

जखमी आणि पोरक्या पाखरांच्या त्या केंद्रात एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून सांगत: पिलांसमोर अवाक्षर काढायचं नाही. माणसाचा आवाज म्हणजे खाऊ, हे एकदा मनात बसलं की पिलू माणसामागे लागतं. मग त्याला मोकळं सोडता येत नाही. सारा जन्म पिंजऱ्यात.

पिलांच्या हंगामात तीन महिन्यांसाठी इथे शिकाऊ लोक घेत. यंदाचे सगळे विशीतले, मावशी तेवढ्या अठ्ठावन्नच्या. “आई, निवृत्त झाल्यावर माणसं आराम करतात, इंटर्न होत नाहीत!” लेक हसली होती. मावशी म्हणाल्या होत्या, “हात रिकामे राहिले की मला करमत नाही गं.” तीस वर्षं त्यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून काढली होती. रडतं बाळ खांद्यावर घ्यायचं, गुणगुणायचं, निजवायचं, आईच्या कुशीत द्यायचं. ओठ आपोआप हलत.

“मी नाही सांगणार कुणाला,” चष्मेवाली बाहेर आल्यावर म्हणाली.

“तू नकोच सांगूस. मी सांगते.”

केंद्राच्या डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. “किती दिवसांपासून?”

“पहिल्या दिवसापासून असेल. देवाशपथ, मला कळलंच नाही.”

“आजपासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पिलू मोठ्या घारींत जाईल. सोडायच्या दिवशी परीक्षा मात्र तुम्हीच घ्यायची. समोर उभं राहून असंच गुणगुणायचं. घार तुमच्याकडे आली, तर...”

“तर?”

“तर ती कायमची इथेच.”

पुढचे चाळीस दिवस त्यांनी ट्रे घासले, बादल्या विसळल्या, आणि घारींचा मोठा पिंजरा टाळून लांबच्या वाटेने ये-जा केली, ओठ घट्ट मिटून. पिलाची बातमी चष्मेवालीकडून कळे. “मावशी, आज तिने थोरल्या घारीचा घास पळवला!” मावशी वरकरणी म्हणत, “अवलक्षणी कार्टी!” आणि बादली दुप्पट जोराने घासत.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्या मोठ्या पिंजऱ्यात शिरल्या. बुरखा नव्हता. पसरलेल्या तळव्यावर मांसाचा तुकडा. हळू, चोरट्या आवाजात उरकता आलं असतं. बाहेर कुणाला कळलं नसतं. पण फसवणूक मावशींना जमायची नाही. वॉर्डात गुणगुणत तसंच, गळा मोकळा सोडून त्या गुणगुणल्या. ओठ बोलावत होते आणि मन हात जोडून म्हणत होतं, येऊ नकोस गं बाई, येऊ नकोस.

घारीने मान तिरकी केली. अगदी तशीच.

मावशींनी सूर तुटू दिला नाही.

घारीने पंख उघडले, आणि पाठ फिरवून ती थेट टोकाच्या दांडीवर जाऊन बसली. डॉक्टरबाईंनी दोरी ओढली. वरचं झाकण सरकलं. घार एकदा घुटमळली, मग उठली, झाडांच्या वर गेली आणि ठिपका झाली.

“मावशी, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही हो तिने,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मग!” मावशींनी पदराने डोळे पुसले. “कुणाच्या हातची आहे!”

हातातला तुकडा त्यांनी ट्रेमध्ये ठेवला. आपला चिमटा धुतला, कोरडा केला, खिळ्याला अडकवला. इतर पिलांच्या खोल्यांवरून जाताना ओठ मिटलेलेच होते. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी कडी लावली, चार पावलं टाकली, आणि भर रस्त्यात मोठ्याने गुणगुणत घराकडे निघाल्या.