चार फुटांचा ससा

मी 'फुलपाखरू' पाळण्याच्या दारातला ससा बोलतोय. गुलाबी कानांचा, दोन दात पुढे आलेला, एक हात आडवा धरून उभा. हातावर काय लिहिलंय ते वाचा: 'उंची ४ फूट'. मुलं माझ्या हाताखाली उभी राहतात. डोकं हाताला टेकलं तर पाळण्यात बसायचं, नाही टेकलं तर खाली थांबून रडायचं. एवढंच माझं काम. आज रांग लांब आहे, तुमचा नंबर यायला अवकाश आहे, तोवर माझं ऐका. हसताय काय? लाकडाला बोलायची पाळी येते तेव्हा काहीतरी बिनसलेलंच असतं.

मुळात मी ससा नाहीच. जन्माने राक्षस आहे.

अकरा वर्षांपूर्वी शहाडच्या पुढे, नदीकाठच्या गावातल्या काळुराम मिस्त्रीने मला जाड सागवानी फळीतून कापलं. शिंगं दिली, सुळे दिले, लालभडक डोळे दिले. माझा हात ठोकताना त्याने जमिनीपासून तीनदा टेप लावला. त्याची बायको हसून म्हणाली, "किती वेळा मापशील? सोन्याचा हाय का तो?" काळुराम म्हणाला, "यो हात चुकला तं कुणाचा तरी पोर जाईल." तेव्हाच मला कळलं की मला शोभेसाठी बनवलेलं नाही.

तेव्हा ह्या पार्कचं नाव 'थरार लँड' होतं. दारावर कवटी, खाली लिहिलेलं, 'काळजात दम असेल तरच या!' आणि हा जो समोर गुलाबी मनोरा दिसतोय ना, पंख लावलेला, त्याचं नाव होतं 'कडेलोट'. आठ जणांचा बाक पाच मजले हळूहळू वर चढायचा. वर गेला की क्षणभर थांबायचा, तिथून उल्हास नदी दिसते म्हणतात. मग एकदम खाली. आजही तेच. पंख नवीन आहेत, आतलं लोखंड जुनंच आहे.

कडेलोट चालवायचा लॅन्सी. कळव्याचा, पन्नाशीचा, गळ्यात क्रूस आणि शिट्टी एकाच दोरीत. सकाळी आला की माझ्या पोटावर थाप मारायचा, "काय राक्षसा, आज किती जणांना रडवायचं?" मी कमी उंचीच्या पोराला अडवलं की बाप लोक भांडायला यायचे. "दोन इंचांनी काय आभाळ कोसळणार आहे?" असं म्हणायचे. लॅन्सी आवाज न चढवता त्यांना बाक दाखवायचा.

"हा बार बघा. एका बारखाली दोघं बसतात. बार खाली येतो तो मोठ्या माणसाच्या मांडीवर थांबतो. बाजूला छोटा असेल तर त्याला तो टेकतच नाय. वरून पडताना सीट खाली जाते आणि पोर वरच राहतं. मग त्याला धरायला काय हाय, सांगा ना?"

बाप पोराला घेऊन मागे फिरायचे. काही जण तरीही पुटपुटत जायचे. आपण बापडा राक्षस, शिव्या खायची सवयच होती.

माणसांची मात्र गंमत बघावी. तिकीट खिडकी माझ्या समोरच. तिथेही भिंतीवर चार फुटांची रेघ होती, रेघेखाली अर्धं तिकीट, वर पूर्ण. तिथे आई पोराला चिमटा काढून सांगायची, "गुडघे वाकव रे, वाकव!" तोच पोरगा पंधरा मिनिटांनी माझ्यापुढे आला की, "टाचा उचल रे, उचल!" एका सकाळी तीन इंच आखडून पुन्हा चार इंच वाढणारी मुलं कल्याण-डोंबिवलीशिवाय कुठे जन्माला येत नसतील. लॅन्सी हसायचा आणि टाचा खाली करायला लावायचा. अकरा वर्षांत ह्या बाकावरून कुणाला खरचटलंही नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

मग गर्दी ओसरली. कॉलेजची पोरं यायची बंद झाली. मालकांनी ठाण्याहून संदेश सर नावाचे नवे मॅनेजर आणले. माणूस गोड हो. सगळ्यांना नावाने हाक मारणार, स्वतःच्या खिशातून वडापाव मागवणार. एका सोमवारी, पार्क बंद असताना, ते माझ्यापुढे उभे राहून सगळ्यांना म्हणाले, "पोरं आता मोबाईलवरच थरार बघतात. आपल्याला फॅमिली पाहिजे. आई हो म्हणाली की घरच्या चौघांचा धंदा पक्का. आणि आई ह्या असल्या राक्षसाला बघून हो म्हणेल का?"

महिन्याभरात 'थरार लँड'चं 'चिवचिव फॅमिली पार्क' झालं. कवटी गेली, चिमणी आली. 'कडेलोट'चं 'फुलपाखरू' झालं. माझी शिंगं कापून तिथे कान ठोकले, सुळे पांढरे रंगवून पुढचे दात केले. आणि तिकीट बदललं. अर्धं-पूर्ण बंद. चौघांचं मिळून एकच फॅमिली तिकीट, एकोणीसशे नव्व्याण्णव रुपये. बोर्डावर लिहिलं, 'कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. सगळे एकत्र, सगळ्यावर!'

सगळ्यावर. हा एक शब्द नडला.

लोक आले, खरंच आले. दिव्याहून, कळव्याहून, डोंबिवलीहून, डबे घेऊन आले. आता खिडकीपाशी कुणी गुडघे वाकवत नव्हतं. पण माझ्यापाशी आले की रडारड. "सगळ्यावर लिहिलंय ना बाहेर? मग आमच्या पिंकीला का नाही?" एका बाईने तर मोबाईलवर एक स्टार देऊन लिहिलं, 'पूर्ण पैसे घेतले आणि मुलीला दारातून परत पाठवलं. फॅमिली पार्क म्हणे!' मग तशा एक-एक स्टारांची रांगच लागली.

संदेश सर लॅन्सीकडे आले. "अंकल, सशाचा हात जरा खाली घेऊ या का? सहा इंच फक्त."

"नाय."

"अहो, सगळीकडे तीन-साडेतीन फूट चालतं."

"त्यांचा पाळणा वेगळा असेल. ह्या मशीनच्या पुस्तकात चार लिहिलंय. बार बदला, मग हात बदला."

बार बदलायला मालकांकडे पैसे नव्हते. कान आणि चिमण्यांना होते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात, हे मला माझे स्वतःचे दात रंगवल्यावर कळलं.

पुढच्या सोमवारी लॅन्सीची सुट्टी होती. संदेश सरांनी काळुरामला बोलावलं. म्हणाले, "मिस्त्री, सशाचे पाय कुजलेत. खालून सहा इंच कापून टाका."

काळुरामने माझ्या पायांवर नख मारून बघितलं. "कुठं कुजलंय? लाकूड टणक हाय."

"आतून आहे हो, वाळवी."

"कापतो. पण कापलं तं खाली सहा इंचांचा ओटा बांधायला लागेल, साहेब. नायतर मापाची वाट लागेल."

"बांधू ना! उद्याच गवंडी येतोय."

काळुरामने करवत चालवली. मला दुखलं का विचारू नका, लाकडाचं दुखणं कोण विचारतं? तो जाताना पुन्हा म्हणाला, "ओटा इसरू नका." आणि आपलं काम झालं म्हणून निघून गेला. गवंडी आलाच नाही. माझ्या कापलेल्या पायांभोवती हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं. हातावरचा '४ फूट' तसाच ठेवला. तपासणीवाले आले, माझ्या हातासकट फोटो काढला, चहा घेतला आणि गेले.

राक्षस होतो तेव्हा खरं बोलायचो. ससा केला आणि खोटारडा झालो.

लॅन्सीला पहिल्याच रविवारी शंका आली. माझ्या हाताला डोकं टेकलेला पोरगा त्याला बुटका वाटला. त्याने मंगळवारी पिशवीतून टेप आणून लावला, गवत बाजूला केलं, कापलेल्या पायांवरून बोट फिरवलं. मग तरातरा ऑफिसात गेला. परत आला तेव्हा संदेश सर मागोमाग येत होते, हात जोडून.

"अंकल, मे महिना जाऊ दे. सुट्टी संपली की मी स्वतः ओटा बांधून घेतो. चाळीस जणांचे पगार आहेत, तुम्हीच सांगा मी काय करू?"

"तुम्ही काय करायचं ते करा. मी बार लावणार नाय. माझ्या हाताने नाय."

शिट्टी टेबलावर ठेवून लॅन्सी निघाला. माझ्याजवळून गेला, पण पोटावर थाप मारली नाही. मला त्याचा राग येतो, सांगतो. भला माणूस, देवभोळा माणूस, स्वतःचे हात स्वच्छ ठेवून गेला. अरे बाबा, जायच्या आधी एक लाथ घालून मला मोडायचास ना! मी मोडलो असतो तर निदान कुणी मापायला नवीन टेप तरी आणला असता.

त्याच्या जागी विनिताताई आल्या. पॉपकॉर्नच्या गाडीवर होत्या, तीन दिवसांत सगळं शिकवून उभं केलं. संदेश सर म्हणाले, बाई दिसली की आयांना भरवसा वाटतो. आणि ह्या बाई कामचुकार नाहीत हो, उलट डोळ्यात तेल घालून काम करतात. प्रत्येक मुलाला बूट काढायला लावतात. "टाचेचं फसवणं माझ्याकडे चालणार नाही," म्हणतात. केसांचा अंबाडा असेल तर हाताने दाबून बघतात. त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्या माझ्यावर लिहिलंय ते वाचतात आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवतात. आता तुम्हीच सांगा, ह्यात त्यांचं काय चुकलं?

मागच्या महिन्यात दिव्याहून एक कुटुंब आलं. बाप रवींद्र, त्याची बायको, म्हातारी आई आणि सहा वर्षांची श्रिया. समोरचा दात पडलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "ससोबा, माझी उंची बघा ना!" म्हणत हाताखाली उभी राहिली. टेकली. खरी उंची तीन फूट सात इंच. ती आणि रवींद्र शेजारी बसले, आई आणि आजी कुल्फी घ्यायला गेल्या.

बार रवींद्रच्या मांडीवर थांबला. तिच्या पोटापुढे वीतभर फट राहिली. मी ती फट बघितली. बाक वर गेला, थांबला, सुटला. आणि मी बघितलं, अर्ध्या वाटेवर ती बाकावर नव्हती. बारच्या फटीतून कमरेपर्यंत वर उचलली गेली होती आणि रवींद्रने तिचा दंड पकडला होता. बाक खाली येऊन थांबला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. श्रिया मात्र खिदळत होती, "बाबा, मी उडाले!"

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, पार्क डोक्यावर घेईल. त्याने काय केलं असेल? माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला, तिच्या दंडावर उमटलेली स्वतःची बोटं चोळली आणि हळूच म्हणाला, "चूक माझीच गं. मी नीट धरलं नाही तुला. आईला सांगू नको हं, नाहीतर परत कधी आणणार नाही ती." श्रियाने गळ्याला चिमटा घेऊन शप्पथ घेतली.

आणि पोरीने शप्पथ पाळली.

म्हणूनच तर आज ती आलीये. आज तिचा वाढदिवस आहे. रवींद्रला ड्युटी लागली, म्हणून फॅमिली तिकिटावर चौथा माणूस म्हणून मधुमामा आलाय. मामा आडवातिडवा, पोट सुटलेला, हौशी. आई म्हणाली, "जा गं मामाबरोबर. मागे बाबांबरोबर गेली होतीस, तेव्हा कुठे घाबरलीस?" श्रिया माझ्या हाताखाली उभी राहिली. विनिताताईंनी तिचे नवे बूट काढायला लावले, केस दाबले, आणि म्हणाल्या, "बरोबर चार फूट. जा बाळा, हॅपी बर्थडे."

बार आला तो मामाच्या पोटावरच अडला. ह्या वेळी फट वीतभर नाही, हातभर आहे. मामाने एका हातात मोबाईल धरलाय, सेल्फी काढायला. दुसऱ्या हाताने तो खाली उभ्या असलेल्या बहिणीला, श्रियाच्या आईला, टाटा करतोय. तिला धरायला हात उरलेला नाही.

काळुरामने ओटा बांधायला सांगितलं होतं. लॅन्सीने बार लावायला नकार दिला होता. रवींद्रने चूक स्वतःवर घेतली. विनिताताईंनी बूट काढायला लावले. सगळी भली माणसं.

बाक वर चढतोय. सावकाश चढतो तो, मघाशीच सांगितलं तुम्हाला. आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेला असेल. विनिताताईंच्या उजव्या हाताशी लाल बटण आहे, ते दाबलं की बाक जागच्या जागी थांबतो आणि हळूहळू खाली उतरतो. एवढंच करायचंय. मला तोंड दिलंय, दात दिलेत, हसू रंगवलंय, पण ताईंना ऐकू जाईल असा आवाज दिलेला नाही.

ऐकता ऐकता तुम्ही रांगेत पहिले झालात. ताई तुमच्यापासून चार पावलांवर आहेत. अहो, माझ्याकडे काय बघताय? ओरडा!